भावजी, जरा बाहेर बसा

आमच्या घरात दोन पुरुष होते. एक आप्पा आणि दुसरा मी.

घर भांडगावला, सोलापूर रस्त्यापासून थोडं आत. आप्पांना मुलगा हवा होता आणि झाले मी. माझ्यानंतर आईला मूल राहिलं नाही. दुसरा एखादा माणूस कपाळाला हात लावून बसला असता, नाहीतर दुसरं लग्न करून मोकळा झाला असता. आप्पांनी त्याहून सोपा मार्ग काढला. त्यांनी व्याकरण बदललं. ते मला 'आगं' म्हणायच्या ऐवजी 'आरं' म्हणू लागले. "आला का रं?" "जेवला का?" "मोटर बंद करून ये बरं माझ्या वाघा." घरात जे कानावर पडतं तेच तोंडात बसतं. 'मी येतो', 'मी जातो', 'मी न्हाई भित' असं माझं सगळं बोलणं पुल्लिंगात चालायचं.

शाळेत मराठीच्या बाईंनी माझ्या निबंधातल्या प्रत्येक 'जातो'खाली लाल रेघ मारून 'जाते' लिहिलं. दुसऱ्या दिवशी आप्पा शाळेत हजर. "बाई, आमच्या पोराचं चुकलं काय?" बाई म्हणाल्या, "पोराचं काहीच चुकलं नाही हो, पोरीचं चुकलं." यात नेमका काय फरक, ते आप्पांना शेवटपर्यंत समजलं नाही. परत येताना त्यांनी मला भेळ घेऊन दिली, त्यामुळे आपण जिंकलो असं मी धरून चालले.

आता कुणी म्हणेल, काय पुढारलेले वडील! मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. ट्रॅक्टर मी चालवायचे. मार्केट यार्डात आप्पांच्या शेजारी मी बसायचे. पाहुणे आले की पुरुषांच्या पंगतीत मांडी घालायचे आणि आतल्या दिशेनं ओरडायचे, "आई, कालवण आण." आई आणायची. "आनते, मालक," म्हणायची. ती चिडवते आहे, चिडली आहे की नुसतंच बोलते आहे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. घरातल्या पुरुषांना असले प्रश्न पडत नसतात.

बायकांबद्दलची माझी मतं मात्र पक्की होती आणि ती मी कुणी न विचारता वाटायचे. बायका रडतात. बायका एकमेकींच्या चुगल्या करतात. बायकांना यंत्रातलं कळत नाही आणि माणसांतलं नको तेवढं कळतं. 'तू बाकीच्या पोरींसारखी नाहीस' असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. बाकीच्या पोरी कशा असतात ते मला कुठून माहीत असणार? मी त्यांच्यात कधी बसलेच नव्हते.

आयटीआय झालं आणि दोन हजार सालाच्या आगेमागे मला रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली. गाड्यांच्या आत वायरींचे जे जुडगे असतात ते बनवणारी कंपनी होती. भांडगावहून रोज येणं-जाणं जमणारं नव्हतं, म्हणून शिरूरला खोली बघितली. आप्पा ट्रंक घेऊन सोडायला आले. खोलीत कंपनीतल्याच दोन बायका आधीपासून राहत होत्या. त्यांचे वाळत घातलेले कपडे बघून मी आप्पांना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, "मी बायकांत राहू का आता?" आप्पा खो खो हसले. "मंग काय गड्यांत ठिवू तुला?"

खरं तर त्याच क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी पेटायला हवं होतं. पण मी ट्रंक उचलली आणि वर गेले.

आमच्या लाइनीवर एकाच नावाच्या चौघी होत्या, म्हणून सुपरवायझरनं सगळ्यांनाच गावाच्या नावानं हाक मारायची पद्धत पाडली होती. खोलीतही तीच चालली. मी भांडगाव. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी होती ती कवठे, म्हणजे कवठे येमाईची. तिच्या आजोबांपर्यंत तिच्या घरचे मेंढरांमागे फिरायचे, मग शेती धरून गावात स्थिरावले. ती नवऱ्याचं घर सोडून आली होती आणि त्यावर तिचं एकूण भाष्य 'जमलं न्हाई' एवढंच होतं. तिसरी दौंड. रेल्वे कॉलनीत वाढलेली, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलणारी. झोपेतही बोलायची. एकदा तिनं झोपेत आख्ख्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला होता.

त्या दोघी लाइनीवर वायरी जोडायच्या. मी टेस्टिंगला. जोडलेला जुडगा बोर्डवर बसवायचा, सगळे दिवे लागले की पास. टेस्टिंगला मी सोडून सगळे पुरुष होते, आणि याचा मला पगारापेक्षा जास्त आनंद होता. कंपनीच्या बसमध्ये बायका पुढं बसायच्या, मी मागं पोरांत. खोलीवर त्या दोघी गप्पा मारायला लागल्या की मी कूस बदलून भिंतीकडं तोंड करायचे.

एकदा चहाच्या सुट्टीत टेस्टिंगच्या पोरांपैकी एकानं विचारलं, "भांडगाव, त्या दोघींबरोबर राहून तुझं डोकं उठत नाही का?"

मी म्हटलं, "मी तिथं फक्त झोपायला जातो. बायकांची कलकल कोण ऐकत बसणार?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. चहाच्या रांगेत माझ्या मागं दौंड उभी होती, हे मला बरंच नंतर कळलं.

संध्याकाळी मी दार ढकललं आणि रोजच्यासारखं म्हटलं, "आलो."

दोघी ताडकन उठल्या. दोघींनी ओढण्या डोक्यावर घेतल्या. कवठे खाली बघत म्हणाली, "भावजी आलं. पानी दे गं."

दौंडनं दोन्ही हातांनी तांब्या पुढं केला. मला वाटलं, गंमत चालली आहे. मीही पायावर पाय टाकून बसले. माझ्यासमोर ताट आलं. तव्यावरची भाकरी सरळ ताटात. त्या दोघी बाजूला उभ्या. "तुम्ही बसा की," मी म्हटलं. "आधी गडीमानसं," कवठे म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. दोन दिवस मी त्या खोलीत सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी राहिले.

तिसऱ्या दिवशी गॅस संपला. "भावजी, टाकी आना. हे काय बायांचं काम हाय व्हय?" खोली दुसऱ्या मजल्यावर आणि जिना असा अरुंद, की टाकी आणि मी एका वेळी मावत नव्हतो. त्यानंतर नळाला पाणी कमी येतंय म्हणून घरमालकाशी भांडायला मला पाठवलं. "आमचं बायामानसांचं कुठं ऐकतोय त्यो?" मग मोरीत घूस निघाली. दोघी कॉटवर उभ्या राहून ओरडत होत्या, "भावजी, मारा, मारा!" आणि मी, जी कशालाच भीत नव्हते, केरसुणी घेऊन त्या घुशीशी तडजोडीच्या गोष्टी करत होते. नंतर मला कळलं की कवठेला घुशीची अजिबात भीती नव्हती. तिनं एकदा लांडग्याला दगड मारून पळवलं होतं.

पण खरा मार वेगळाच होता. फर्स्ट शिफ्टला निघताना तिघींना एकदम आवरावं लागायचं. आता कपडे बदलायची वेळ झाली की कवठे दार उघडून अदबीनं म्हणायची, "भावजी, जरा बाहेर बसा. बायामानसं कापडं बदलत्यात." मी खांद्यावर टॉवेल टाकून गॅलरीत. समोर पिठाची गिरणी. पहाटे तिथल्या नळावर पाणी भरायला जमणाऱ्या बाया वर बघून हसायच्या. एकीनं तर खालून विचारलं, "काय भावजी, काढलं का भाईर?" म्हणजे गल्लीभर झालं होतं.

त्यातही मी तग धरला असता. मला हरवलं ते त्यांच्या गप्प बसण्यानं. मी जिना चढताना आतून हसणं ऐकू यायचं, दौंडचं ते रुळांवरून घसरलेलं हसणं आणि कवठेचं पोटातलं. मी दार उघडलं की दोघी गप्प. आई आणि शेजारच्या काकू बोलत असताना आप्पा किंवा मी आत गेलो की त्या अशाच थांबायच्या. इतकी वर्षं मला वाटत होतं की आम्ही गेल्यावर बायकांचं बोलणं संपतं. ते संपत नव्हतं, आमच्यासमोर ते चालायचं नाही. मग मी त्या गॅलरीत बसून विचार करायला लागले की आत एवढं हसण्यासारखं असतं तरी काय? मला हेवा वाटत होता. त्या कलकलीचा हेवा! मला माझाच राग आला, त्यांचा त्याहून जास्त आला.

रविवारी सकाळी माझी पाळी आली. दोन दिवस आधीच आली आणि ट्रंकेत काहीही नव्हतं. पोटात गोळा उठलेला. खाली मेडिकलवाल्याकडं जायची सोय नव्हती, तिथं आमच्याच टेस्टिंगच्या पोराचा भाऊ बसायचा. मी भिंतीला धरून उभी राहिले आणि म्हटलं, "ए, मला एक पॅड पाहिजे."

दौंड भांडी घासत होती, ती हात तसेच ठेवून माझ्याकडं बघायला लागली. कवठे तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोन मागतंय? भावजी मागत असतील तर असलं काय न्हाई आमच्याकडं."

"गंमत नको ना, पोट दुखतंय."

"गंमत न्हाई. मागतो का मागते, तेवढं सांगा."

किती क्षुल्लक गोष्ट! एका अक्षराची काना-मात्रा. पण ती माझ्या तोंडातून निघेना. इतक्या वर्षांत वापरलीच नव्हती. मी पुटपुटले, "मागते."

"आं? गिरनीचा आवाज हाय, ऐकू न्हाई आलं."

"मागते!" मी किंचाळले. "मी मागते! द्या ना गं बायांनो, मरते आता मी!"

नेमकी तेव्हाच समोरची गिरणी क्षणभर थांबली होती, त्यामुळे माझं निवेदन गल्लीतही पोचलं. दौंड हसत हसत भांड्यांतच बसली. कवठेनं मला धरून कॉटवर आडवं केलं, पाहिजे ते दिलं, ओवा घालून पाणी उकळलं. दौंडनं काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पोटावर ठेवायला दिली. मग मी रडले. बायका रडतात हे माझं मत त्या दिवशी तपासून खरं निघालं.

कवठे माझ्या पायाशी बसली होती. म्हणाली, "हे बघ भांडगाव, तू आलो म्हन, न्हाईतर आले म्हन. आमचं काय जात न्हाई. आमच्या वस्तीवर एक म्हातारी हाय, ती बैलालाबी आहो म्हनती. पन आमच्यावर थुंकून आलो म्हनू नगंस."

"ते मी नुसतं हसण्यावारी…" मी सुरुवात केली.

"हां, वो हमने सुना ना," दौंड म्हणाली. "सगळ्यात लाऊड तूच होतीस."

मी ओव्याचं पाणी प्यायले.

त्या रविवारपासून मला आत बसायची परवानगी मिळाली, आणि आतल्या गप्पा ऐकून मी थक्क झाले. मी ज्याला कलकल म्हणत होते त्यात कंपनीची सगळी खबर असायची. कुठल्या सुपरवायझरबरोबर स्टोअरला एकटीनं जायचं नाही. कुठल्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचं नाही, कारण तो आरसा फिरवतो. शिरूरमधली कुठली डॉक्टरीण ओरडत नाही. लाइनीवर नवी आलेली पोरगी डबा आणत नाही, तर उद्यापासून कोण जास्तीची पोळी आणणार. मी तीन महिने पोरांबरोबर मागं बसून क्रिकेटचे स्कोअर ऐकत होते आणि माझ्या पुढच्या सीटवर हे सगळं चाललेलं होतं. शिवाय त्यात चहाटळपणा एवढा, की पोरांचे विनोद त्यापुढं बालवाडीतले वाटावेत. सुपरवायझर चालतो कसा, शिंकतो कसा आणि बायकोचा फोन आल्यावर उभा कसा राहतो, हे दौंड करून दाखवायची. मी बसमध्ये पुढं बसायला लागले. टेस्टिंगची पोरं म्हणाली, "काय भांडगाव, पार्टी बदलली?" मी म्हटलं, "हो, बदलली." टेस्टिंगला बसायला काही त्यांनी मला बंदी केली नाही.

असं वर्षभर गेलं. मग एका संध्याकाळी खालून घरमालकीणबाईंनी हाक मारली, "भांडगाव, तुझ्या वडिलांचा फोन!"

मी रिसीव्हर उचलला. "हां आप्पा, बोला."

"आगं," आप्पा म्हणाले, "रविवारी घरी ये. पाव्हनं येत्यात बघायला. येताना साडी आन."

पाहुणे, साडी, ते सगळं नंतर कळलं. आधी कळला तो 'आगं'. जन्मात पहिल्यांदा आप्पा मला 'आगं' म्हणाले होते, आणि तेही लग्न ठरवायला. मी म्हटलं, "आप्पा, मला नाही करायचं एवढ्यात." आप्पा हसले. नेहमीचंच मायेचं हसू. "आता किती दिस पोरगा पोरगा खेळायचं? चोविसावं लागलं तुला. मुलगा साखर कारखान्यात चिटबॉय हाय, उसाच्या नोंदी ठिवतो. नोकरी तेवढी सोड म्हनत्यात, आपन हो म्हनलंय."

म्हणजे तो खेळ होता. मी मन लावून खेळत होते आणि शिट्टी आप्पांच्या तोंडात होती. जिना चढून वर गेले, दोघींना सांगितलं आणि म्हटलं, "नोकरी गेली. खोली पण गेली."

"रोती क्या है," म्हणत दौंड स्वतःच रडायला लागली. कवठेनं तिला गप्प केलं आणि मला विचारलं, "नोकरी गेली का तू सोडली?"

"आप्पांनी हो म्हटलंय."

"आप्पा बसत्यात व्हय टेस्टिंगला?" मग ती म्हणाली, "आमी येतो रविवारी. काय करनार न्हाई. नुसतं बसू. माझ्या टायमाला माझ्याकडनं बसायला कुनी नव्हतं."

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला, तिथून दुसरी गाडी. दौंडनं पिशवीत साडीच्या पिनांचा आख्खा डबा घेतला होता. वाटेत तिनं मला साडीत कसं चालायचं ते समजावलं आणि चौफुल्याच्या स्टँडवर चालून दाखवलं, तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी तंबाखू मळायची थांबवली. घरी पोचलो तर ट्रॅक्टरवर चुलतभाऊ बसला होता. किल्ली त्याच्या करगोट्याला. मी बघितलं, त्यानं नजर चुकवली.

"कोन हाय?" आतून आईनं विचारलं.

"आम्ही आलो," मी म्हटलं. 'आम्ही' म्हटलं की पुरुषही 'आलो' आणि बाईही 'आलो', बाईला वेगळं काही म्हणावं लागत नाही. हे माझ्या त्या उंबऱ्यातच पहिल्यांदा लक्षात आलं. आई हात पुसत बाहेर आली आणि दोघींना बघून तिला काय झालं कोण जाणे, तिनं दौंडच्या गालांवरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. माझ्या मैत्रिणी घरी येण्याची ही पहिलीच वेळ होती. आधी नव्हत्याच ना.

पाहुणे दुपारी आले. मुलगा, त्याचे आई-वडील आणि सगळं बोलणारे त्याचे मामा. चिटबॉय म्हटलं तरी तिशीचा, मिशीवाला, गरीब चेहऱ्याचा माणूस होता. मी साडीत, पिनांनी सगळीकडून बंद केलेली, खुर्चीवर बसले. नाव, शिक्षण झालं.

"स्वयंपाक येतो का?" मामांनी विचारलं.

"येतो," मी म्हटलं. सगळ्यांनी समाधानानं माना हलवल्या. स्वयंपाक पुल्लिंगी असल्यामुळे इथपर्यंत निभावलं.

"आन् कंपनीत काय करता?"

"टेस्टिंगला असतो," मी म्हटलं. "जुडगे तपासतो."

वर्षभर सवय करून घेतलेलं सगळं घाबरल्यावर उडालं. आप्पांसमोर बसल्यावर तोंड आपोआप जुन्या जागेवर गेलं. मामांनी विचारलं, "असतो? कोन असतो?"

आप्पा घाईनं म्हणाले, "लहानपणीची सवय हाय. लावली कुनीतरी लाडानं. जाईल लग्न झाल्यावर."

कुणीतरी! मला एवढा संताप आला की पिना तुटतील असं वाटलं. "आप्पा," मी म्हटलं, "तुम्हीच लावली."

आप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मामा म्हणाले, "असूं द्या. पन आमच्यात हे चालनार न्हाई. आन् नोकरीचं तर बोलनं झालंयच."

"झालंय की," आप्पा म्हणाले. "सोडंल ती."

सगळ्यांसमोर आप्पांना एकदा खोटं पाडलं होतं, दुसऱ्यांदा धीर होईना. तेवढ्यात आतलं दार वाजलं. डोक्यावर पदर घेतलेली कवठे तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली आणि मामांसमोर वाकून म्हणाली, "घ्या मामा. पानी देतो."

मामा दचकले. "तुमी कोन?"

"मी कवठ्याचा. हिच्या कंपनीत असतो."

तिच्या मागून दौंड. "नमस्कार, मी दौंडचा. चहा टाकतो हां, शक्कर किती?"

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. आप्पांचा चेहरा पडला होता. मामा एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होते. आणि मग आई बाहेर आली. माझी आई, जी बैठकीत पाहुणे असताना कधी उंबरा ओलांडत नसे. हातात पोह्यांचं ताट, पदर कपाळापर्यंत. तिनं एकेकाच्या हातात बशी दिली आणि संथपणे म्हणाली, "खावा पाव्हनं. लागलं तर आनखी आनतो मी."

चिटबॉयला पोह्यांचा ठसका लागला. तो हसत होता बिचारा. माणूस वाईट नव्हता.

आईनं रिकामं ताट पोटाशी धरलं आणि आप्पांकडं न बघता, मामांकडं बघून म्हणाली, "आन् माझी लेक नोकरी सोडनार न्हाई. ज्याला चालंल त्यानं पुन्यांदा यावं."

पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, पुन्हा येतो असं काही म्हणाले नाहीत. आप्पा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. त्यानंतर दोन-तीन महिने ते मला ना आरं म्हणाले ना आगं. काम असलं की नुसतं 'ऐक' म्हणायचे.

आम्ही चौघी स्वयंपाकघरात जेवायला बसलो. आई उठून वाढायला लागली तेव्हा कवठेनं तिला हाताला धरून खाली बसवलं. आईचं ताट माझ्या शेजारी. घरात मी तिच्या शेजारी बसून कधी जेवले होते ते मला आठवेना. दौंड आईला सांगत होती की तुमची मुलगी आमच्याकडं आली तेव्हा कशी होती, आणि भावजींची सगळी कथा तिनं घुशीसकट करून दाखवली. आई तोंडाला पदर लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसणं थांबलं आणि पाणी थांबलं नाही.

"मला लेक झाली व्हती," ती त्या दोघींना म्हणाली. "ती ह्यांनी उचलून गड्यांत नेली. चोवीस वर्सं ह्या घरात मी एकटीच बाई. कुनाला काय सांगावं, कुनासंगं हसावं? तुमाला तरी घावली, बरं झालं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्या क्षणी मला ना पुल्लिंगी सुचलं ना स्त्रीलिंगी. मी तिच्या मांडीवर हात ठेवला. तो तिनं काढला नाही.

चारच्या गाडीला आम्ही निघालो, तेव्हा आई आतून कापडी पिशवी घेऊन आली. पायात चपला. आप्पा ओट्यावर येऊन बसले होते.

"तू कुठं निघाली?" त्यांनी विचारलं.

"लेकीकडं," आई म्हणाली. "चार दिस ऱ्हाते. भाकऱ्या करून ठिवल्यात."

लेकीकडं जाते म्हणायला आधी लेक सासरी जावी लागते, अशी आमच्याकडची रीत. माझी तर शिरूरला भाड्याची खोली होती, कॉट दोनच होते आणि मोरीत घूस होती. पण आप्पांनी ओट्यावरचे पाय आखडून तिला वाट दिली. एसटीत आईला खिडकी दिली, आणि चौफुला येईपर्यंत दौंड तिला बाहेरचं एकेक दाखवत राहिली.